दूध पाच बाटल्या, हिमोग्लोबिन ५.८

मुलगी, वय वीस महिने, वजन ११ किलो. गाल भरलेले, मांड्यांना वळ्या. दवाखान्यात यायचं कारण एवढंच की ती भिंतीचे पोपडे खरवडून खाते. आजीने दोन-तीनदा तोंडात बोट घालून काढले, तेव्हापासून ती कपाटाआड जाऊन खाते. घरच्यांना जंताचं औषध हवं होतं. बाकी काही विचारलं तर प्रत्येक गोष्टीचं उत्तर घरात आधीच तयार होतं. किरकिर करते, कारण दात येतायत. चार पावलं चालली की कडेवर घ्या म्हणते, कारण लाडावलीय. रंग उतरलाय, तर तो वडिलांवर गेलाय. जेवत नाही हे खरं, पण दूध पिते ना चांगलं.

आधी एक खुलासा करायला हवा. ही कुणा एका मुलीची फाइल नाही. बालरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या मुलांच्या तुकड्यांतून हे प्रकरण जुळवलंय. रिपोर्टातले आकडे अशा मुलांत जे सापडतात त्याच पट्ट्यातले आहेत, आणि घरातली बोलणी तर कुठल्याही घरातली.

दुधाबद्दल तक्रार म्हटली की डोळ्यांपुढे भेसळ येते, नासलेलं दूध येतं, नाहीतर ‘पचत नाही’ असं म्हणणारा मोठा माणूस येतो. या घरातलं दूध ताजं होतं, उकळलेलं होतं, मुलीला छान पचत होतं. चुकलं ते माप, आणि ते चुकतंय हे कुणाच्या लक्षात येण्याची सोयच नव्हती.

तपासणी

डॉक्टरांनी मुलीचा तळहात आईच्या तळहाताशेजारी धरला. साधी गोष्ट आहे, उपकरण लागत नाही. आईच्या हातावरच्या रेषा लालसर, मुलीच्या कागदासारख्या. खालची पापणी ओढली तर आतला भाग गुलाबी हवा, तो जवळजवळ पांढरा. नाडी मिनिटाला १४८, शांत बसलेल्या या वयाच्या मुलाच्या मानाने जास्त. छातीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर हलकी मरमर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज. पायांवर सूज नाही, यकृत वाढलेलं नाही, श्वासाला धाप नाही.

इतकं रक्त कमी असलेलं मूल खेळत कसं असतं, हा प्रश्न आईने नंतर विचारलाच. रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन एका दिवसात निम्मं झालं तर माणूस कोसळतो. इथे ते महिनोन्‌महिने थोडंथोडं उतरत गेलं. हृदय जरा जोरात चालायला लागलं, शरीराने जमवून घेतलं, मुलीने धावणं कमी केलं आणि कडेवर बसणं वाढवलं. तिने जमवून घेतलं म्हणूनच घरच्यांना दिसलं नाही. रोज पाहणाऱ्याला रंग उतरताना कळत नाही. लांबून आलेल्या पाहुण्याने आल्या आल्या ‘ही एवढी फिकी का दिसते?’ विचारलं म्हणून उघडकीला आलेली अशी बरीच मुलं असतात.

माती, चुना, कागद, बर्फ असलं खाण्याची ओढ लागणं ही लोहाच्या कमतरतेची जुनी खूण आहे. नेमकं कशामुळे ती ओढ लागते याची यंत्रणा अजून नीट उलगडलेली नाही, पण लोह भरून आलं की ती बहुतेकदा आपोआप जाते. जंत हे कारण असू शकतं, म्हणून शौचाची तपासणी सांगितली. जंताचं औषध मात्र त्या दिवशी लिहून दिलं नाही, आणि घरच्यांची थोडी निराशा झाली.

बाटल्यांची मोजणी

या प्रकरणाचा खरा गाभा इथे आहे, आणि दुर्दैवाने घाईच्या ओपीडीत नेमका हाच भाग गाळला जातो. ‘दूध किती घेते?’ या प्रश्नाला जवळपास प्रत्येक घरात ‘दोन-तीनदा’ असं उत्तर येतं आणि ते कागदावर उतरवून पुढचा प्रश्न विचारला जातो. इथे तसं झालं नाही.

‘दिवसातून किती वेळा दूध देता, आजी?’

‘तीनदा. जेवत नाही ना ती, मग पोटात काहीतरी जायला नको?’

‘आणि रात्री?’

‘रात्रीचं कुठे धरता डॉक्टर, ते झोपेपुरतं.’

‘झोपेपुरतं म्हणजे बाटली भरून?’

आजींनी मुलीच्या वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, ‘झोपताना एक देतो, आणि पहाटे उठली तर एक. उठतेच.’

पिशवीत बाटली होतीच. ती टेबलावर ठेवून खुणा पाहिल्या: २४० मिलिलिटर, आणि भरली जाते ती गळ्यापर्यंत. सकाळी उठल्या उठल्या एक, जेवणाच्या वेळी जेवली नाही म्हणून एक, संध्याकाळी एक, झोपताना एक, पहाटे एक. पाच बाटल्या, १२०० मिलिलिटर. आई सकाळची बाटली देऊन कामावर जाते, दिवसाच्या दोन आजींकडे, रात्रीच्या दोन वडिलांकडे. आजींनी सांगितलेल्या तीन बाटल्या खऱ्याच होत्या, वडिलांच्या दोनही खऱ्या. पण बेरीज करणारं कुणी नव्हतं. बेरीज झाल्यावर आई पटकन म्हणाली, ‘एवढं होतं?’

घन अन्नाची चौकशी केली तेव्हा यादी लांबलचक निघाली: भात, बटाटा, केळं, बिस्किट, डाळ, अंडं. प्रत्येक पदार्थापुढे ‘दोन घास’. अंडं एकदाच दिलं होतं, थुंकून टाकलं. म्हणजे ताटात सगळं होतं, पोटात काही नव्हतं.

मागचा इतिहास असा. नऊ महिने भरून जन्म, वजन २.८ किलो. गरोदरपणात आईचं हिमोग्लोबिन कमी होतं, गोळ्या दिल्या होत्या, मळमळ व्हायची म्हणून निम्म्या राहिल्या. सहा महिने फक्त आईचं दूध. सातव्या महिन्यात आई कामावर रुजू झाली आणि गाईचं दूध सुरू झालं, आधी पाणी घालून, मग तसंच.

इथे थोडं थांबायला हवं, कारण वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य पेय म्हणून द्यावं का यावर जगात एकच मत नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षभर थांबा म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात, सहा ते अकरा महिन्यांच्या ज्या बाळांना आईच्या दुधाऐवजी दुसरं दूध द्यावं लागतं त्यांना फॉर्म्युला किंवा प्राण्यांचं दूध यांपैकी काहीही चालेल असं म्हटलंय. पण लोह दुसरीकडून मिळालंच पाहिजे याबद्दल दोन्हीकडे दुमत नाही. या घरात दूध सुरू झालं तेव्हा ते दुसरीकडचं लोह सुरूच झालं नाही.

रिपोर्ट

हिमोग्लोबिन ५.८ ग्रॅम. या वयात निदान १०.५ ते ११ हवं. लाल पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ५४; सत्तरच्या वर अपेक्षित. पेशी लहान, फिक्या आणि आकाराने एकमेकींशी न जुळणाऱ्या; ही तफावत मोजणारा आकडा, आरडीडब्ल्यू, २४. प्लेटलेट सहा लाखांच्या वर. लोह कमी असलं की त्या अशा वाढतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचं माप, ३. पाच वर्षांखालच्या मुलात ते १२ च्या खाली गेलं की लोहाचं कोठार रिकामं समजतात. शौचात जंतांची अंडी नाहीत, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताची चाचणी किंचित पॉझिटिव्ह.

लहान पेशींचा अॅनिमिया दिसला की थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचा, विचार करावाच लागतो. एक झटपट भागाकार असतो: एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागायचं. उत्तर १३ च्या वर आलं तर कल लोहाच्या कमतरतेकडे, खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरकडे, म्हणजे त्याच्या सौम्य प्रकाराकडे. इथे ५४ भागिले ३.८, म्हणजे १४ च्या आसपास. हा अंदाजच, निर्णय नव्हे; पण फेरिटिन ३ असल्यावर वाद उरत नाही. भिंतीच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि लोह कमी असलेलं आतडं शिसं जास्त ओढून घेतं, म्हणून रक्तातल्या शिशाची तपासणी केली. ती ठीक आली.

हिशेब

आता दुधाकडे वळू. साय न काढलेल्या गाईच्या दुधात १०० मिलिलिटरला सुमारे ६२ ते ६५ किलोकॅलरी असतात. १२०० मिलिलिटरच्या झाल्या साडेसातशेच्या घरात. या वजनाच्या मुलीला दिवसाला साधारण ९०० लागतात. म्हणजे भूक नावाची गोष्ट उरली ती दीडशे कॅलरींची: अर्धं केळं आणि दोन बिस्किटं. ‘जेवत नाही’ या तक्रारीचं उत्तर या वजाबाकीत आहे. मुलगी हट्टी नव्हती, तिचं पोट भरलेलं होतं.

त्याच १२०० मिलिलिटरमध्ये प्रथिनं सुमारे ४० ग्रॅम, गरजेच्या जवळपास तिप्पट. कॅल्शियम १४०० मिलिग्रॅमच्या पुढे, गरजेच्या दुप्पट. वजन वाढत होतं, हाडं वाढत होती, काटा खूश होता. आणि लोह? गाईच्या दुधात लिटरला साधारण अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे दिवसभरात ०.६ मिलिग्रॅम, आणि त्यातलं आतड्यातून रक्तात जाणार दहावा हिस्सा, ०.०६. वाढणाऱ्या मुलीला रोज निदान अर्धा मिलिग्रॅम रक्तात पोचायला हवं. त्यासाठी आहारात सातएक मिलिग्रॅम लोह असावं लागतं. तूट किरकोळ नाही, जवळजवळ संपूर्ण आहे.

आईच्या दुधातही लोह कमीच असतं, गाईच्या दुधाहूनही थोडं कमी. मात्र त्यातलं शोषलं जाण्याचं प्रमाण बरंच जास्त, निम्म्याच्या आसपास मानतात. तरीसुद्धा पहिले सहा महिने बाळ मुख्यतः पोटातून आणलेल्या शिदोरीवर काढतं. ही शिदोरी आईकडून येते. इथे ती मुळात थोडी हलकीच होती.

ही गोष्ट नवी अजिबात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये गुस्ताव फॉन बुंगे या शास्त्रज्ञाने दुधात लोह किती तुटपुंजं असतं आणि नवजात पिल्लू जन्मतःच साठा घेऊन येतं हे मांडलं होतं. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात तांब्याचं महत्त्व सिद्ध झालं ते दुधामुळेच: उंदरांना नुसत्या दुधावर ठेवलं की त्यांचं रक्त उतरायचं, आणि नुसतं लोह देऊन ते भरायचं नाही, सोबत किंचित तांबं द्यावं लागायचं. पशुपालकांना तर हे पाठच आहे. गोठ्यात वाढणाऱ्या डुकराच्या पिल्लांना पहिल्या काही दिवसांतच लोहाचं इंजेक्शन देतात, कारण आईच्या दुधावर त्यांचं भागत नाही. वासराचं मांस पांढरटच हवं असा हट्ट असलेल्या व्यापारात वासराला मुद्दाम कमी लोहाच्या दूधसदृश आहारावर ठेवलं जायचं. तिथे जे हिशेबाने केलं जायचं ते इथे मायेपोटी होत होतं. उदाहरण कडवट आहे खरं, पण ‘दूध म्हणजे पूर्णान्न’ हे वाक्य ऐकलं की मला हटकून ते वासरू आठवतं.

लोह कमी असणं हा दुधाचा एकच पैलू झाला. दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन दुसऱ्या अन्नातल्या लोहाचं शोषण कमी करतात. म्हणजे त्या दोन घास डाळीतलं लोहही बाटलीने मागे ढकललं. तिसरं, काही बाळांच्या आतड्यातून गाईच्या दुधामुळे थेंबाथेंबाने रक्त झिरपतं. हे प्रामुख्याने पहिल्या वर्षात दिसतं, पण फार दूध पिणाऱ्या थोड्या मोठ्या मुलांतही आढळतं. शौचातल्या त्या किंचित पॉझिटिव्ह चाचणीचा अर्थ असा लावला. काही मुलांत आतड्यातून प्रथिनंही गळतात आणि अंगावर सूज येते. इतकं प्रथिन पिऊनही रक्तातलं अल्ब्युमिन हे मुख्य प्रथिन कमी, असं विचित्र चित्र तयार होतं. या मुलीचं अल्ब्युमिन ठीक होतं.

आणि चौथं म्हणजे, लोह कमी झालं की भूक मरते. भूक मेली की मूल फक्त पातळ, ओळखीचं, चावायला न लागणारं घेतं. मग पुन्हा बाटली.

‘मग म्हशीचं देऊ का? की बकरीचं?’ हा प्रश्न ठरलेला असतो. लोहाच्या बाबतीत कुठलंच दूध वेगळं नाही. बकरीच्या दुधात तर फोलेटही फार कमी असतं आणि त्यावरच वाढवलेल्या बाळाला वेगळ्या जातीचा अॅनिमिया होतो. वनस्पतीजन्य ‘दुधां’चं प्रकरण अजून निराळं, त्यातल्या बऱ्याच पेयांत प्रथिनंच नावापुरती असतात.

रक्त चढवायचं का

५.८ हा आकडा पाहून पहिली प्रतिक्रिया ‘लगेच दाखल करा, रक्त द्या’ अशी होते. वडीलही तयार होते. रिपोर्ट पाहिल्यापासून ते स्वतःचा रक्तगट सांगत होते. पण अशा मुलात रक्त देणं हे औषध कमी आणि जोखीम जास्त ठरू शकतं. हृदय आधीच जोरात चालतंय, त्यात घाईने रक्त ओतलं तर त्याला ते पेलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मुलांच्या रुग्णालयांसाठीची मार्गदर्शिका ४ किंवा त्याखाली रक्त द्या म्हणते, आणि ४ ते ६ च्या दरम्यान सोबत हार्ट फेल्युअर, शॉक, शुद्ध हरपणं, खोल धाप अशी लक्षणं असतील तर. ही मुलगी टेबलावरच्या पेनासाठी हात पुढे करत होती. रक्त दिलं नाही. घर दवाखान्यापासून जवळ होतं, घरची माणसं सांगितलेलं ऐकणारी होती, आणि आठवड्याने पुन्हा दाखवायचं कबूल झालं. यातलं काही नसतं तर निर्णय वेगळा होऊ शकला असता. नुसत्या आकड्यावर हे ठरत नाही.

औषध: फेरस सल्फेट, किलोमागे ३ मिलिग्रॅम मूळ लोह, दिवसातून एकदा. ११ किलोला ३३ मिलिग्रॅम. मात्रा मूळ लोहाची सांगितली जाते, बाटलीवर मात्र कधी क्षाराचं वजन छापलेलं असतं. फेरस सल्फेटच्या वजनातलं लोह साधारण पाचवा हिस्सा असतं. ही गल्लत सगळ्यात जास्त घडते, म्हणून आईच्या देखत मापाच्या पिचकारीवर पेनाने खूण केली. महागडी, चवीला गोड लोहसंयुगं बाजारात भरपूर आहेत. २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या, ९ ते ४८ महिन्यांच्या ८० मुलांवरच्या चाचणीत साधं फेरस सल्फेट आयर्न पॉलिसॅकराइडपेक्षा सरस ठरलं होतं. चव वाईट, काम चांगलं. औषधाने शौचाला काळसर होईल, दातांवर डाग पडू शकतात पण ते घासून जातात, हे सांगितलं. आणि बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही, हे दोनदा सांगितलं. लोहाचं औषध जास्त पोटात गेलं तर लहान मूल दगावू शकतं.

दूध: दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर, कपातून, जेवणानंतर. बाटली पूर्ण बंद.

‘बंदच करून टाकू ना दूध, कशाला ठेवायचं?’ वडिलांनी विचारलं. बाप घाबरला की एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला जातो. ४०० ते ५०० मिलिलिटरमध्ये दिवसभराचं बहुतेक कॅल्शियम, चांगली प्रथिनं, बी-१२ आणि रायबोफ्लेविन मिळतं. ते सगळं दुसरीकडून मिळवणं शक्य आहे, पण घास चघळत बसणाऱ्या मुलीच्या बाबतीत उगाच अवघड करून ठेवण्यासारखं आहे. दूध राहू द्यायचं, जेवणाची जागा मात्र सोडायला लावायची.

आठवा दिवस

लोह सुरू झालं की पाच ते दहा दिवसांत अस्थिमज्जेतून नव्या, कोवळ्या लाल पेशींची लाट येते. रेटिक्युलोसाइट काउंट म्हणतात तो हाच. हिमोग्लोबिन वाढायला वेळ लागतो, पण निदान बरोबर आहे आणि औषध पोटात जातंय याची पावती आठवड्यात मिळते. सुरुवातीला तो १.२ टक्के होता. आठव्या दिवशी निदान पाच-सहाच्या वर अपेक्षित होता. आला १.६. हिमोग्लोबिन ५.९.

अशा वेळी पुस्तकं लांब यादी देतात: निदान चुकलं, शोषण होत नाही, सीलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) असेल, रक्त कुठून तरी जातंय. यादी बरोबरच आहे, पण तिच्या सगळ्यात वर एक साधा प्रश्न असतो.

‘औषध रोज जातंय ना?’

‘न चुकता,’ आजी म्हणाल्या. ‘एक दिवस खाडा नाही. सुरुवातीला थुंकायची, आता कळतसुद्धा नाही तिला.’

‘ते कसं जमवलंत?’

‘दुधातून देते की.’

दूध कपातूनच जात होतं, बाटली खरंच बंद केली होती. फक्त औषधाची धातूची चव लपवायला दुधासारखं दुसरं काही घरात नव्हतं. म्हणजे ज्या दुधाने लोह अडवलं त्याच दुधात लोह कालवलं जात होतं, आणि कप संपला नाही की तळाशी राहिलेलं औषध मोरीत. पहिल्या दिवशी ‘दुधाबरोबर देऊ नका’ असं सांगितल्याची नोंद कागदावर होती. पण घाबरलेल्या घराला एका बैठकीत सांगितलेल्या गोष्टींतल्या किती लक्षात राहतात? आणि ‘बरोबर’ म्हणजे एका वेळी, असं आजींनी धरलं असेल तर त्यात गैर काय? त्या औषध दुधाबरोबर देत नव्हत्या, दुधात देत होत्या. सांगणाऱ्याने ‘मग कशातून देणार?’ हे विचारून घ्यायला हवं होतं.

उपाय साधा निघाला. सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, पिचकारीने गालाच्या आतल्या बाजूला, जिभेवर नाही. वर दोन चमचे संत्र्याचा रस. क जीवनसत्त्व शोषणाला मदत करतं आणि चवही मारतं. दूध त्यानंतर दोन तासांनी. हे काम वडिलांकडे गेलं, कारण पहाटेची बाटली बंद झाल्यापासून त्यांच्याकडे दुसरं काही काम उरलं नव्हतं, असं मुलीच्या आईचं म्हणणं.

पुढच्या आठव्या दिवशी रेटिक्युलोसाइट ९ टक्के.

घरातलं

कागदावर ‘बाटली बंद’ हे दोन शब्द आहेत. घरात त्या चार रात्री होत्या. पहिल्या रात्री मुलगी दीड तास रडली. दुसऱ्या रात्री वडिलांनी बाटलीत पाणी भरून दिलं, तिने ती फेकली. तिसऱ्या रात्री आजी म्हणाल्या की भुकेलं लेकरू असं रडवायचं हे काही बरं नाही, आणि त्यावरून घरात शब्दाला शब्द लागला. माझ्या मते या टप्प्यावर बहुतेक घरं माघार घेतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. रडणं आत्ता ऐकू येतं, हिमोग्लोबिन ऐकू येत नाही. या घराने तग धरला त्याला एक कारण झालं. चौथ्या सकाळी मुलीने आईच्या ताटात हात घातला.

भूक अशीच परतते. लोह सुरू झाल्यावर हिमोग्लोबिन हलायच्या आधी किरकिर कमी होते आणि खाणं वाढतं, हे बऱ्याच मुलांत दिसतं. पण या मुलीत तेव्हा औषध दुधात जात होतं, त्यामुळे चौथ्या सकाळचं श्रेय औषधाला फारसं देता येणार नाही. रात्रीच्या तीनशे कॅलरी पोटातून निघाल्या होत्या, एवढंच.

आहारात काय घालायचं याची लांबलचक यादी मुद्दाम दिली नाही. तीनच गोष्टी सांगितल्या: डाळी-कडधान्यं रोज, अंडं किंवा मांस-मासे घरात चालत असतील तर आठवड्यातून काही वेळा, आणि जेवणात काहीतरी आंबट. मांसातलं लोह वनस्पतीतल्या लोहापेक्षा बरंच चांगलं शोषलं जातं. पण जे घरात शिजत नाही ते कागदावर लिहून उपयोग नसतो. पालेभाज्यांवर फार भर दिला नाही. त्यांची लोहासाठीची ख्याती त्यांच्या कामापेक्षा मोठी आहे. पालकातलं लोह फारसं शोषलं जात नाही. शिवाय आहाराने हे कोठार भरणार नव्हतंच, ते औषधानेच भरायचं होतं. आहार होता तो पुन्हा रिकामं होऊ नये म्हणून.

एक अडचण मधे आलीच. दूध कमी झालं म्हणून आजींनी दही आणि चीज वाढवलं. लोहाच्या दृष्टीने ते दूधच. तेही त्या पाचशेच्या हिशेबात धरायला सांगितलं.

पुढे

औषध नीट सुरू झाल्यापासून चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ८.९. पोपडे खाणं तिसऱ्या आठवड्यातच थांबलं होतं. भिंत मात्र वडिलांनी आधीच खरवडून रंगवून घेतली होती. शौचातली रक्ताची चाचणी निगेटिव्ह. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१, एमसीव्ही ७३, फेरिटिन २६. मरमर ऐकू येत नव्हती. वजन या तीन महिन्यांत जेमतेम तीनशे ग्रॅम वाढलं, त्याची आजींना चिंता वाटली. गालही जरा उतरले होते. उंची रेषेवर होती, मुलगी धावत होती. तरी ‘बारीक झाली’ हे वाक्य प्रत्येक भेटीत आलं.

हिमोग्लोबिन नॉर्मल आल्यावर औषध थांबवायचा मोह होतो. रक्त भरलं तरी कोठार भरलेलं नसतं, म्हणून ते अजून दोन महिने चालू ठेवलं.

एक गोष्ट मात्र रक्ताच्या रिपोर्टने मिटत नाही. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्याने घडत असतो आणि त्यालाही लोह लागतं. कोस्टा रिकामध्ये संशोधक बेट्सी लोझॉफ यांनी बाळपणी लोहाची तीव्र, दीर्घ कमतरता झालेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. अॅनिमिया उपचाराने बरा झाला होता, तरी मोठेपणी काही चाचण्यांत ती मुलं सरासरीने मागे दिसली. सरासरीवरून एका मुलीचं भविष्य सांगता येत नाही, आणि घरातलं बोलणं, खेळणं, लक्ष देणं यांचा वाटा मोठा असतो. आईला हे सांगावं की नाही यावर डॉक्टरांनी विचार केला आणि सांगितलं, कारण त्याशिवाय विकासाच्या तपासणीला कुणी वेळ काढून येत नाही. वीस महिन्यांची असताना मुलगी पाच-सहा शब्द बोलत होती. पंचविसाव्या महिन्यात दोन शब्द जोडायला लागली, ‘दूध नको’ हे त्यातलं एक.

औषध बंद केल्यावर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन पुन्हा तपासायचं ठरलंय, आणि त्याच भेटीत भाषेची व हालचालींची रीतसर चाचणी. आईचंही रक्त तपासलं. तिचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं, तिला गोळ्या सुरू केल्यात, या वेळी मळमळ होऊ नये म्हणून दिवसाआड.